मोक्षाचं वेळापत्रक
चार पुरुषार्थ : लेखांक 6

गेल्या आठवड्याचा लेख वाचून एका वाचकांनी विचारलं, "धर्म, अर्थ, काम आमच्या वाट्याला येतात, तेवढं कळलं. चौथा नुसता यादीतच असतो. मोक्ष हवा असलेला माणूस सकाळी उठून करतो तरी काय?" त्यातलं 'सकाळी उठून' मला फार आवडलं. पोथ्यांपेक्षा मठाच्या दिनक्रमात याचं उत्तर लवकर सापडतं. म्हणून आज बेलूर मठ.

कोलकात्याला गेलात तर दक्षिणेश्वरहून होडीनं जा. हुगळीच्या पश्चिम काठावर मठ आहे. 9 डिसेंबर 1898 रोजी आपले गुरू रामकृष्ण यांच्या अस्थींचा कलश विवेकानंदांनी स्वतःच्या खांद्यावरून या जागेत आणला. आज दिसतं ते मोठं मंदिर 1938 सालचं. त्याच्या वास्तुशैलीवर बरंच लिहून झालंय, मी भर घालत नाही.

आपण पाहुणे पोचतो तोवर मठाचा निम्मा दिवस झालेला असतो. पहाटे चारच्या सुमारास जाग, मंगलारती, मग जप-ध्यान. त्यानंतर जे सुरू होतं ते कुठल्याही मोठ्या एकत्र कुटुंबात चालतं तेच. फुलं निवडायची, नैवेद्याची फळं चिरायची, कोठीतून शिधा काढायचा, दवाखाना उघडायचा, पत्रांना उत्तरं द्यायची, हिशेब लिहायचे. दुपारी देवाला भोग दाखवून देऊळ बंद होतं आणि आल्यागेल्याला खिचडीचा प्रसाद मिळतो. संसार सोडून आलेल्यांच्या वाट्याला एवढा मोठा संसार यावा, याची गंमत वाटते खरी.

पण हा शिस्तीचा भाग आहे. संन्याशांच्या या संघाचं ध्येय दुहेरी आहे: स्वतःचा मोक्ष आणि जगाचं हित. त्यामुळे ध्यान हा मोक्षाचा वेळ आणि कोठीघर हा खर्ची पडलेला वेळ, असा हिशेब इथे मांडत नाहीत. ध्यानात सूट मात्र नाही. विवेकानंद अखेरच्या काळात पहाटे घंटा वाजवायला लावत. जो ध्यानाला उठला नाही त्याला त्या दिवशी मठात जेवण नाही, बाहेर जाऊन भिक्षा मागायची. आपल्याकडे वार लावून, माधुकरी मागून शिकलेल्यांची पिढी होती, त्यांना या शिक्षेची धार वेगळी सांगायला नको.

'उद्यापासून संन्यास' असंही इथे चालत नाही. आधी काही वर्षं उमेदवारी, मग ब्रह्मचर्यदीक्षा आणि पांढरी वस्त्रं. भगवी मिळेपर्यंत साधारण नऊ-दहा वर्षं जातात. संन्यासाच्या वेळी विरजा होम होतो आणि त्याआधी माणूस स्वतःचंच श्राद्ध करतो. जुनं नाव, जुनं नातं तिथे संपतं.

पाहुण्यांनी चुकवू नये ती संध्याकाळची आरती. पुढे संन्यासी-ब्रह्मचारी, मागे आपण, सगळे जमिनीवर. फोटोला मनाई. पुजारी आधी दिवे ओवाळतात, मग शंखातलं पाणी, मग वस्त्र, फूल आणि शेवटी चवरी. मी चवरीकडे बघत राहिलो. उन्हातून आलेल्या पाहुण्याला पाणी द्यावं, पुसायला पंचा द्यावा, वारा घालावा, तसाच हा क्रम वाटला. पंचमहाभूतांशी त्याचा संबंध जोडतात, पण मला आधी घरचा पाहुणचारच दिसला. गायली जाते ती आरती विवेकानंदांनी स्वतः रचलेली. शेजारच्या आजी शब्द न येताही तालावर मांडीवर बोटं वाजवत होत्या.

हे सगळं चालतं कशावर? गृहस्थांच्या दानावर. म्हणजे आपण ज्याला अर्थ म्हणतो तो इथेही लागतो, फक्त मिळवणारे आणि खर्चणारे निराळे. सुरुवातीच्या काळात त्यावरून तंटाही झाला. हा मठ नसून नरेंद्रनाथ दत्तांचा (म्हणजे विवेकानंदांचाच) खासगी बागबंगला आहे, असं म्हणत स्थानिक नगरपालिकेनं कर लावला आणि प्रकरण कोर्टात गेलं. इथे चहा पितात, हाही आक्षेप होता म्हणे!

चहावरून टिळक आठवतात. 1892 मध्ये विवेकानंद पुण्यात त्यांच्या घरी आठ-दहा दिवस राहिले होते. तेव्हा ते कुणालाही नाव न सांगणारे परिव्राजक होते. 1901 अखेर काँग्रेससाठी कोलकात्याला गेलेले टिळक बेलूरला आले. त्यांनी जायफळ, वेलदोडा, लवंग, केशर घालून सगळ्यांना स्वतःच्या हातचा चहा पाजला, अशी आठवण सांगतात. गप्पांत विवेकानंद थट्टेनं म्हणाले, तुम्ही संन्यास घेऊन बंगालमध्ये माझं काम चालवा, मी महाराष्ट्रात जातो. आपल्याच प्रांतात माणसाचं वजन कमी पडतं, असं त्यामागचं कारण.

टिळकांनी संन्यास घेतला नाही. पुढे मंडालेच्या तुरुंगात त्यांनी 'गीतारहस्य' लिहिलं आणि ज्ञान झाल्यावरही कर्म सोडू नये, हे शेकडो पानं खर्चून मांडलं. पुढच्या आठवड्यात तेच उघडू.