अभ्यासाला भोंगा नसतो

आकुर्डी-निगडीकडच्या एखाद्या घरात सबमिशनच्या आदल्या रात्री डोकावून पाहा. इंजिनिअरिंगला असलेले चिरंजीव टेबल पुसताहेत, पेन्सिलींना टोके काढताहेत. जर्नल मात्र कोरेच! चाकणहून दुसरी पाळी करून आलेले वडील दारातूनच गरजतात, "आळशी कुठला! महिनाभर काय केलंस?"

पण हा खरोखर आळस आहे का? आळशी माणूस सुखाने झोपतो. हा तर जागा आहे, आणि मनातून पार बेचैन आहे.

अमेरिकेतील सॉलोमन आणि रॉथब्लम या मानसशास्त्रज्ञ स्त्रियांनी १९८४ साली ३४२ विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. निबंधलेखन आपण जवळजवळ नेहमीच लांबणीवर टाकतो, असे त्यांतील ४६ टक्क्यांनी सांगितले. कारणे दोन ठळक दिसली : कामाचा तिटकारा आणि अपयशाची भीती.

ही भीती आपल्याकडे कुठून येते? १९५४ मध्ये पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. मागोमाग कारखाने आले, गावोगावची माणसे आली. "आम्ही मशीनवर उभे राहिलो, तू साहेब हो," हे त्यांचे साधे स्वप्न. पण त्या स्वप्नाचे ओझे घेऊन बसलेल्या मुलाला कोरा कागद म्हणजे आपल्या लायकीचा निवाडाच वाटू लागतो. मग "जमले नाही" म्हणण्यापेक्षा "वेळच मिळाला नाही" म्हणणे सोपे जाते!

शिवाय वडिलांच्या दिवसाला भोंगा आहे, पाळी आहे, रोजचे ठरलेले काम आहे. अभ्यासाला यांतले काहीच नाही. दूरवर परीक्षेची तारीख तेवढी. एरिअली आणि वेर्टेनब्रोख यांच्या २००२ सालच्या प्रयोगांत, कामाचे भाग पाडून सारख्या अंतराने मुदती दिलेल्यांचे काम सरस ठरले. तेव्हा "अभ्यास कर" असे मोघम सांगण्यापेक्षा "जेवणाआधी एक प्रयोग लिही" हे अधिक उपयोगी.

आणि रागावण्याचे काय? कॅनडात केलेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की पहिल्या परीक्षेच्या वेळी केलेल्या चालढकलीबद्दल ज्यांनी स्वतःला क्षमा केली, त्यांनी पुढच्या परीक्षेला चालढकल कमी केली. अपराधाची टोचणी वाढली, की मन त्या वहीपासून अधिकच दूर पळते.

म्हणून, वडील मंडळी, त्या रात्री गरजू नका. खुर्ची ओढून जवळ बसा आणि एवढेच म्हणा, "बाळ, पहिली आकृती काढायला घे. तोवर मी चहा टाकतो."