गिरणीचा धागा आणि कपाशीची लव

लालबाग-परळच्या गिरण्यांत एके काळी अहोरात्र चात्या फिरत. त्या सुताचा विदर्भातील कपाशीच्या पानावरील लवेशी संबंध होता, हे सहसा लक्षात येत नाही.

देशी कपाशी काटक. मावा, तुडतुडे यांस ती सहसा दाद देत नाही. परंतु तिचा धागा आखूड, आणि तलम कापडासाठी गिरण्यांना लांब धागा हवा असे. 1924 साली माटुंग्यास स्थापन झालेल्या कापूस प्रयोगशाळेत निरनिराळ्या वाणांचा धागा कातून पारखला जाऊ लागला. 1947 च्या फाळणीत लांब धाग्याचा मोठा प्रदेश पाकिस्तानात गेला. त्यानंतर येथे अमेरिकन कपाशीचा व पुढे 1970 पासून संकरित वाणांचा प्रसार झाला. धागा लांबला, पण किडींचा उपद्रवही वाढला.

वनस्पतीची कीडप्रतिकारशक्ती तीन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात कीड त्या झाडाकडे वळतच नाही, दुसऱ्यात झाडाच्या रसाने तिची वाढ खुंटते व तिसऱ्यात झाड नुकसान सोसूनही पीक देते. पानावर दाट लव असल्यास तुडतुड्यांना अंडी घालणे कठीण जाते. मात्र हीच लव पांढऱ्या माशीला मानवते. म्हणजे एकच गुण सर्व किडींवर पुरा पडत नाही.

तेथे कीटकनाशकांची जोड लागते. पोटविष पाने कुरतडणाऱ्या अळीच्या पोटात जाते. स्पर्शविष अंगाला लागताच काम करते. आंतरप्रवाही औषध झाडाच्या रसात भिनून रस शोषणाऱ्या किडीस मारते. बोंडात शिरलेल्या गुलाबी अळीपर्यंत मात्र फवारा पोहोचत नाही. 2002 साली आलेल्या बीटी कपाशीने हे विष झाडातच निर्माण केले. परंतु काही वर्षांतच गुलाबी बोंडअळीने त्यालाही दाद देणे सोडले.

एकच औषध वारंवार फवारल्यास हेच घडते. त्यातून बचावलेल्या किडींची संतती त्या औषधास जुमानत नाही, आणि शेतकरी फवाऱ्यांची संख्या वाढवीत जातो. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या वेळी विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले.

म्हणून वाण निवडताना धाग्याच्या लांबीबरोबरच त्याची प्रतिकारशक्तीही पाहावी. कामगंध सापळे लावावेत, निंबोळी अर्क वापरावा, किडीने नुकसानीची पातळी ओलांडल्यावरच औषध फवारावे व तेही आलटून पालटून. फवारताना तोंड, हात व डोळे झाकलेले असावेत. हंगाम वेळेवर संपवून पऱ्हाट्या शेतात राहू देऊ नयेत. झाडाची स्वतःची ताकद ही पहिली फळी होय. औषध हा अखेरचा उपाय.