रेफरची चिठ्ठी : सेमाडोहहून दिसणारा वैद्यकीय नकार

ऐपत नसलेल्या रुग्णाला उपचार नाकारणे नीतीला धरून आहे काय, या प्रश्नाची महाराष्ट्रातील चर्चा बहुधा शहरी रुग्णालयाच्या बिलाच्या खिडकीपाशी सुरू होते आणि तिथेच विरते. मार्च २०२५ मध्ये पुण्यातील एका धर्मादाय रुग्णालयाने गरोदर स्त्रीच्या भरतीसाठी १० लाख रुपये अनामत मागितल्याचा आरोप झाला, तेव्हा उसळलेला संतापही त्या खिडकीपुरताच होता. मेळघाटात, सिपना नदीकाठच्या सेमाडोहला अशी खिडकीच नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील केसपेपरचे शुल्कही माफ झाले आहे. तरीही मेळघाटातला गरीब उपचारांविना राहतो, कारण तिथल्या नकाराचे नाव ‘रेफर’ असे आहे.

रेफर म्हणजे येथे सोय नाही, सबब मोठ्या रुग्णालयात न्यावे, असे लिहून रुग्णाला पुढे पाठवणे. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने ती चिठ्ठी पुष्कळदा योग्यच असते. पण सेमाडोहहून घाट उतरून परतवाडा, तेथून अमरावतीचे इर्विन रुग्णालय आणि तेथून नागपूर, अशी ती वाढत जाते, तेव्हा रुग्णासोबत निघालेल्या माणसाची मजुरी बुडते, त्याच्या जेवणाची सोय कुठेच नसते, घरी शेळ्या नि लेकरे कोणाच्या तरी भरवशावर सोडावी लागतात, आणि रुग्ण दगावलाच तर प्रेत परत कसे न्यायचे, ही धास्ती निघण्याआधीच मनात असते. या हिशेबाने हरलेले कुटुंब घरीच थांबते आणि नोंदवहीत ‘नातेवाइकांनी नेण्यास नकार दिला’ असा शेरा पडतो. नाकारणारा आणि नाकारला गेलेला यांची अशी अदलाबदल दुसऱ्या कुठल्या सरकारी कागदावर क्वचितच होत असेल.

कायद्याचा इतिहास परिचित असल्याने तो थोडक्यात आटोपता येतो. परमानंद कटारा खटल्यात १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपघातग्रस्ताला तातडीची मदत देणे प्रत्येक डॉक्टरवर बंधनकारक ठरवले. सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ ‘कक’ खाली मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ मध्ये आलेल्या योजनेने धर्मादाय रुग्णालयांतील १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बलांसाठी सवलतीत राखून ठेवल्या, तातडीच्या रुग्णाच्या भरतीसाठी अनामत मागण्यास मनाई केली आणि बिलांच्या २ टक्के रकमेचा निधी उभारायला लावला. २०१२ च्या राजीव गांधी जीवनदायी योजनेच्या पहिल्या आठ जिल्ह्यांत अमरावती होता, हेही नोंदवून पुढे जावे.

अधिक थांबावे असा निकाल १९९६ चा, पश्चिम बंग खेत मजदूर समितीचा. आगगाडीतून पडलेल्या एका मजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवले आणि शेवटी त्याला खासगी रुग्णालयात पैसे मोजावे लागले. त्याच्याकडे सरकारी दारात कोणी पैसे मागितलेच नव्हते. त्याला ‘खाट नाही’, ‘सोय नाही’ एवढेच सांगितले गेले. न्यायालयाने जगण्याच्या हक्काचा भंग मानून भरपाई दिली आणि पैशाची चणचण ही शासनाची सबब होऊ शकत नाही, असे बजावले. म्हणजे आपल्याकडचा हा मूळ निवाडा बिलाच्या खिडकीचा नसून रेफरच्या चिठ्ठीचा आहे; परंतु नीतिशास्त्राचे आपले भाष्यकार तो ‘तातडीची सेवा’ या मथळ्याखाली टाकून मोकळे होतात.

याच भाष्यकारांपैकी काहींचे दुसरे लाडके मत असे की, आदिवासी भूमकाकडे, म्हणजे गावच्या पारंपरिक वैदूकडे, अंधश्रद्धेपोटी जातो. हे अर्धेच खरे आहे. भूमका गावात असतो, रात्री उठतो आणि पुढे पाठवत नाही, ही त्याची तीन बलस्थाने आहेत. डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी धारणी तालुक्यातील बैरागडला जे केले, त्याचे मर्म इथेच सापडते. वृत्तपत्रांनी त्यांच्या रुपया-दोन रुपयांच्या फीचे कौतुक केले, २०१९ मध्ये पद्मश्रीही आली. पण त्या फीपेक्षा मोलाची गोष्ट ही की ते दांपत्य तिथे राहिले, आणि कुपोषणाला औषधाआधी अन्न लागते हे ओळखून शेतीत आणि रेशनच्या धान्यात उतरले. उतावलीला डॉ. आशिष सातव यांच्या ‘महान’ संस्थेने रुग्णालयच जंगलात नेले. याच अमरावतीत १९४६ मध्ये शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभारले ते ज्यांना कोणी स्पर्शही करीत नव्हते अशा कुष्ठरुग्णांसाठी; थांबणाऱ्या डॉक्टरची ही वऱ्हाडी परंपरा जुनी आहे.

ती आता विरळ होत चालली आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये काढलेल्या आणि त्याच महिन्यात स्थगित केलेल्या नियमांत, तातडीचे प्रसंग व सरकारी डॉक्टर वगळता, फी न मिळाल्यास उपचार नाकारण्याची मुभा स्पष्ट शब्दांत होती. ती वाचून हळहळणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की, त्या कलमात निदान नकाराला नकार म्हटले होते.

तेव्हा धर्मादाय आयुक्तालयाकडे एक साधी मागणी आहे : अमरावती-नागपुरातील राखीव खाटांपैकी आज किती रिकाम्या आहेत, हा आकडा रोज सकाळी मेळघाटातील प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राला फोनवर कळवावा, आणि रेफरच्या चिठ्ठीवर रुग्णालयाच्या नावापुढे खाटेचा क्रमांक लिहिणे सक्तीचे करावे.