वडापावमधला 'पाव' आला कुठून?

शिवाजी पेठेत वड्याच्या गाडीवर उभं राहिलं की कुणीतरी हमखास सांगतं, "पीठ पायानं तुडवायचे, म्हणून त्याला पाव म्हणतात." मीही हे कित्येक वर्षं सांगायचे. ऐकायला पटतं ना? पण पटणं म्हणजे पुरावा नव्हे. रिसर्चला येणार असाल तर या एका शब्दावर हात साफ करून घ्या.

आधी शब्द फोडा: वडा + पाव. वडा संस्कृत 'वटक'पासून आलेला, आपल्याकडचा जुना. प्रश्न पावाचा आहे.

आता दुसरं संभाव्य उत्तर शोधा. पोर्तुगीज भाषेत ब्रेडला साधारण 'पांव' म्हणतात, आणि पोर्तुगीजांनी गोवा घेतला १५१० मध्ये.

मग दोन्ही उत्तरं कसोटीला लावा. रोजच्या मराठीत आपण पायाला 'पाव' म्हणत नाही. त्या गोष्टीला हिंदीतला 'पाँव' उसना घ्यावा लागतो. उलट जपानीत ब्रेडला 'पान' म्हणतात, आणि तिथं पोर्तुगीज १५४३ मध्ये पोचले होते. तिथं पायाचा काय संबंध? गोव्यात पाव भाजणारा 'पोदेर', तोही पोर्तुगीज शब्दावरूनच. वड्याच्या पोटातला 'बटाटा'सुद्धा त्याच वाटेनं आला. कुणी पीठ खरंच तुडवलं असेल, पण त्यावरून नाव पडलं हे सिद्ध होत नाही.

जर्मनीतही असाच किस्सा आहे. 'पुंपरनिकेल' हा तिथला काळा, जड ब्रेड. म्हणे नेपोलियननं तो चाखला आणि फ्रेंचमध्ये म्हणाला, "हा माझ्या निकोल घोड्याला द्या", म्हणून हे नाव. पण शब्द सतराव्या शतकातच वापरात होता, आणि नेपोलियन जन्मला १७६९ मध्ये! एका तारखेत गोष्ट संपली. खरी फोड सहसा अशी देतात: 'पुंपर्न' म्हणजे पादणे, 'निकेल' हे निकोलस नावाचं लघुरूप. खाल्ल्यावर कळतं म्हणे.

हे का सांगतेय? माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये एका संयुगाच्या नावाची अशीच गोड गोष्ट होती. गाइडनी विचारलं, "हे कुठं वाचलंस?" मला सांगता येईना. परिच्छेद गेलाच, वर बाकीचे सगळे संदर्भही पुन्हा तपासावे लागले.

तुमच्या लिखाणात 'असे म्हणतात' किंवा 'सर्वश्रुत आहे' कुठं आलंय ते आजच शोधा. समोर पेन्सिलनं लिहा: काय सापडलं तर हे खोटं ठरेल? उत्तर सुचत नसेल, तर ते वाक्य अजून थिसिसमध्ये जायच्या लायकीचं नाही.