मोहाचे तेल आणि विज्ञानाचा पहिला धडा

घन, द्रव आणि वायू या पदार्थाच्या तीन अवस्था मुलांना शिकवावयाच्या म्हणजे बर्फ, पाणी आणि वाफ, असा प्राथमिक शिक्षणाचा जणू पायंडाच पडला आहे. फ्रीज असलेल्या घरातील मुलाला हा धडा सहज कळतो. परंतु गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड वा एटापल्लीच्या अरण्यात, ज्या घरी बर्फ होत नाही तेथील मुलाला ‘घन’ हा केवळ पाठ करावयाचा शब्द उरतो. त्यातच घरची भाषा माडिया आणि शाळेची मराठी. परक्या शब्दांतून परकी वस्तू समजून घेण्याचा दुहेरी भार सहा-सात वर्षांच्या बालकावर पडतो.

वस्तुतः या परिसरात उदाहरणांची वाण नाही. मोहाच्या बियांचे तेल थंडीत थिजते, उन्हाळ्यात पातळ होते. पोळ्यातील मेण सुमारे ६३ अंश सेल्सिअसला वितळते आणि निवताच पुन्हा घट्ट होते. भात शिजताना झाकणाच्या आतल्या बाजूस वाफेचे थेंब होतात. वस्तू तीच, रूप मात्र निराळे, हे तत्त्व येथे व्याख्येवाचून ध्यानी येते. एखाद्या मुलाने टोपलीतील धान ओतून ‘हेही वाहते, मग हे द्रव का नव्हे?’ असे विचारले, तर त्याला गप्प बसवू नये. धानाचा दाणा आपला आकार सोडत नाही आणि धानाची रास होते. पाण्याची होत नाही. हा भेद त्यालाच शोधू द्यावा.

हा मार्ग नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला व पुढे कोसबाडला आदिवासी मुलांच्या भोवतालच्या पाना-बियांनाच शैक्षणिक साधनांचे स्थान दिले. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेचा पुरस्कार केला आहे. तेव्हा महागड्या प्रयोगपेट्यांवर खर्च करण्यापूर्वी माडिया व गोंडी जाणणारे शिक्षक नेमणे हाच शहाणपणाचा व्यय ठरेल.

शेजारच्या चंद्रपूरचे २,९२० मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र चालते तेही याच तत्त्वावर. कोळशाच्या उष्णतेने पाण्याची वाफ होते, ती टर्बाइन फिरवते आणि थंड होऊन पुन्हा पाणी होते. साऱ्या राज्याला प्रकाश देणाऱ्या या भूभागातील मुलांनी वाफेचे विज्ञान परक्यांचे मानावे, ही हानी कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही; म्हणूनच ती अधिक गंभीर आहे.