पुढे घेतलेलं टायमिंग आणि भोक पडलेला पिस्टन

"भाऊ, टायमिंग जरा पुढे घेऊन द्या ना, गाडी उचलूनच नाही राहिली." चंद्रपूर असो, वडसा असो की आलापल्ली, जुनी आरएक्स १०० घेऊन गॅरेजात आलेल्या माणसाची मागणी हीच. पूर्वी त्यासाठी मेकॅनिक मॅग्नेट उघडून आतली प्लेट सरकवायचा. आता प्रोग्रॅमेबल सीडीआय, म्हणजे ठिणगीची वेळ ठरवणारा डबा, मिळतो, कोणी चेक प्रजासत्ताकातल्या इग्निटेकचा मागवतो, कोणी स्लोव्हेनियातल्या झीलट्रॉनिकचा, कोणी बिननावाचा. म्हणजे तीच प्लेट आता लॅपटॉपवर सरकते. समजूत मात्र जशीच्या तशी राहिली आहे: ठिणगी जितकी आधी, तितकी ताकद जास्त.

हे खरं नाही, आणि आरएक्ससारख्या टू-स्ट्रोकच्या बाबतीत तर वरच्या वेगाला नेमकं उलटं खरं आहे.

आरएक्स १०० चं सिलेंडर ५० मिलिमीटर व्यासाचं, स्ट्रोकही ५० मिलिमीटरचा, म्हणून ९८ सीसी. ७,५०० आरपीएमला ती ११ अश्वशक्ती देते. त्या वेगाला क्रँकचा एक फेरा ८ मिलिसेकंदांत पुरा होतो, म्हणजे २० अंश फिरायला अर्धा मिलिसेकंदही लागत नाही. पेट्रोल जळायला थोडा वेळ घेतं, म्हणून ठिणगी पिस्टन माथ्यावर पोचण्याआधी द्यावी लागते. इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. पुढचं कोणी विचारत नाही. जळण्याचा दाब शिगेला पोचायला हवा तो पिस्टन माथा ओलांडून साधारण १२ ते १५ अंश खाली गेल्यावर. ठिणगी फार आधी दिली, तर पिस्टन वर येत असतानाच दाब चढतो आणि इंजिन स्वतःशीच भांडायला लागतं. उष्णता हेडमध्ये आणि पिस्टनच्या माथ्यात शिरते, कोपऱ्यात उरलेलं मिश्रण ज्योत पोचण्याआधी आपोआप पेटतं. यालाच डिटोनेशन किंवा नॉकिंग म्हणतात. चारचाकीत ते ऐकू येतं. आरएक्सच्या सायलेन्सरच्या आवाजात ऐकू येईल अशी आशा धरू नका. ते दिसतं: पिस्टनची कड वाळूनं खरवडल्यासारखी होते, प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर चंदेरी ठिपके येतात. ते ठिपके म्हणजे तुमच्याच पिस्टनचं ॲल्युमिनियम.

आता उलटं कसं, ते. मधल्या आरपीएमला टू-स्ट्रोकचं सिलेंडर धड भरत नाही. जुना धूर आत उरतो, मिश्रण पातळ होतं, सावकाश जळतं. तिथे ठिणगी आधी लागते. ताकदीच्या शिखराजवळ सिलेंडर उत्तम भरतं, आत खळबळ वाढते, जळण झपाट्यानं होतं. तिथे ठिणगी मागे घ्यावी लागते. शिखर ओलांडल्यावर ती अजून मागे घेतली, की काही उष्णता मुद्दाम सायलेन्सरमध्ये जाते, आणि हाच टू-स्ट्रोकचा खास डाव आहे. एक्झॉस्ट पाइपातून परत येणारी दाबाची लाट ध्वनीच्या वेगानं धावते आणि तापलेल्या वायूत ध्वनी जास्त वेगानं जातो. पाइपची लांबी या वेगावरून काढायचं गणित गॉर्डन जेनिंग्ज यांनी १९७३ च्या टू-स्ट्रोकवरील पुस्तकात दिलं आहे, शंका असेल त्यानं ते पाहावं. पाइपातल्या वायूचं सरासरी तापमान ५०० वरून ५५० अंश सेल्सियस झालं, तर ध्वनीचा वेग सुमारे ३ टक्के वाढतो. ७,५०० ला जुळणारा पाइप मग साधारण ७,७०० ला जुळतो. टायमिंग मागे घेऊन गाडी वर जास्त फिरते ती अशी. ग्रां प्रीच्या १२५ सीसी टू-स्ट्रोक गाड्यांच्या इग्निशनचा वक्र वरच्या टोकाला खाली वळायचा, तो याच कारणानं. ते लोक काही ताकद वाया घालवत नव्हते.

मग ही समजूत आली कुठून? फोर-स्ट्रोकमधून. गव्हर्नरची वजनं फाकली की टायमिंग वेगाबरोबर पुढे जातं, हे बुलेट आणि जीपवर शिकलेल्या हातांना पाठ असतं. दुसरं कारण जास्त फसवं आहे. अंगाला ते खरं वाटतं. टायमिंग दोन-तीन अंश पुढे घेतलं की खालच्या आणि मधल्या आरपीएमला गाडी खरोखर तरतरीत होते. गॅरेजपासून चौकापर्यंतच्या चकरीत मालक खूश होऊन पैसे देतो. नंतर मे महिन्यात मूल रोडला किंवा आलापल्लीच्या पुढे सिरोंचाकडे सरळ रस्ता मिळतो, अॅक्सिलेटर पाच मिनिटं पूर्ण पिळलेला राहतो आणि पिस्टनला भोक पडतं. मग दोष ऑइलला, पेट्रोलला, नाहीतर उन्हाला!

ऊन निर्दोष आहे असं नाही. हेड १८० अंशांवर तापलेलं आहे असं धरा. हवा २५ अंशांची असताना फिन्स जितकी उष्णता टाकतात, त्यापेक्षा सुमारे १३ टक्के कमी उष्णता त्या ४६ अंशांच्या हवेत टाकतात. चंद्रपुरात ४६ अंश ही बातमी नसते. म्हणून पुण्याच्या हिवाळ्यात कोणी जुळवलेला मॅप, म्हणजे कोणत्या आरपीएमला किती अंश तो तक्ता, फाइल म्हणून व्हॉट्सॲपवर आला, की तो तसाच गाडीत ओतायचा नसतो. हा ओतण्याचा प्रकार पाहिला की खरंच डोकं फिरतं.

आणि डबा नेमकं करतो काय? बहुतेक प्रोग्रॅमेबल सीडीआय फक्त उशीर करतात. मॅग्नेटवरचा उंचवटा पिकअप कॉइलसमोरून गेला की खूण मिळते. डबा आरपीएम मोजतो, तुमच्या तक्त्यातला अंश पाहतो, तेवढं थांबतो आणि कपॅसिटरमधला करंट एचटी कॉइलमध्ये सोडतो. खूण ज्या अंशाला येते, त्याच्या आधी ठिणगी देणं त्याच्या हातात नसतं. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यात आधी भरायचा तो पिकअपचा मूळ अंश. तो चुकला की खालचा रेखीव वक्र पूर्णच्या पूर्ण चुकला. स्क्रीनवर १८ लिहिलंय आणि क्रँकवर २४ आहे, अशा गाड्या हिंडत असतात.

तपासणी साधी आहे. प्लगच्या जागी डायल गेज लावून माथा शोधा आणि मॅग्नेटवर खूण करा. ५० मिलिमीटर स्ट्रोकला, कनेक्टिंग रॉड स्ट्रोकच्या दुप्पट लांब धरला, तर २० अंश म्हणजे पिस्टन माथ्याच्या सुमारे १.९ मिलिमीटर खाली. तिथे एका अंशाला जेमतेम ०.२ मिलिमीटर पडतात, म्हणून काडी घालून अंदाज घेण्यात अर्थ नाही. मग टायमिंग लाइट मारून स्क्रीनवरचा आकडा आणि खूण जुळते का ते पाहा. वरच्या आरपीएमलाही पाहा, फक्त आयडलला नको. जुळलं नाही तर तक्ता बदलू नका, मूळ अंश दुरुस्त करा.

त्याआधीही एक काम आहे. आरएक्स १०० भारतात १९८५ ते १९९६ या काळात बनली, म्हणजे सर्वांत तरुण गाडीसुद्धा तिशीची आहे. क्रँकचं ऑइल सील सुकलं असेल तर तिथून हवा शिरते, मिश्रण लीन होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि गाडी तापते. मॅग्नेटची चावी झिजली असेल तर मॅग्नेटच सरकतो. अशा इंजिनावर डबा बसवणं म्हणजे पैसे फेकणं.

पेट्रोलचा विषय ई२० नं, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलनं, गुंतागुंतीचा केला आहे. इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढतो, असं पेट्रोलियम मंत्रालय सांगतं आणि ते बरोबर आहे. त्यावरून "आता टायमिंग पुढे घेता येतं" असा निष्कर्ष काढणारे अर्धंच वाचतात. शुद्ध पेट्रोलला साधारण १४.७ पट हवा लागते, ई२० ला सुमारे १३.५ पट. जेट तोच ठेवला तर मिश्रण सात-आठ टक्के लीन होतं, आणि टू-स्ट्रोकमध्ये लीन म्हणजे गरम. आधी मेन जेट, मग टायमिंग. त्यात आतल्या गावांत पंप लांब असला की पेट्रोल दुकानातून, बाटलीतून येतं. त्यात रॉकेल मिसळलेलं असेल तर ऑक्टेन कोसळतो आणि शहरात सुरक्षित असलेला मॅप तिथे पिस्टन खातो. जंगलात फिरणाऱ्या गाडीचा मॅप सर्वांत वाईट पेट्रोल धरूनच करावा. आणि पावसाळ्यात महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीची टाकी रिकामी करा, कारण इथेनॉल पाणी ओढतं.

बाकीच्या समजुती किरकोळ आहेत. "उन्हाळ्यात मिश्रण लीन होतं": नाही, गरम हवा विरळ असते, मिश्रण उलट किंचित रिच होतं, कमी पडतं ते थंड होणं. "जाड निळा करंट म्हणजे जास्त ताकद": मिश्रण एकदा नीट पेटलं की पुढे ठिणगीच्या जाडीनं काही वाढत नाही. "इरिडियम प्लगनं पिकअप वाढतो": प्लग टिकतो जास्त, बस, हीट रेंज चुकीची असेल तर तोही पिस्टन वितळवतो. "ऑइल जास्त घातलं की पिस्टन वाचतो": ऑइल वाढलं तेवढं पेट्रोल घटतं, मिश्रण लीन होतं आणि ऑक्टेनही उतरतो. "कोणताही डबा कोणत्याही गाडीला बसतो": तुमचा सीडीआय एसी आहे की डीसी आणि बॅटरी किती व्होल्टची, ते आधी पाहा.

राहिली पीयूसी. नवा डबा लावला की पीयूसी मिळत नाही असं काही जण सांगतात, काही जण लावला की हमखास मिळते असं. दोघांचंही चूक. ३१ मार्च २००० पूर्वीच्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइडची ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बनची ९,००० पीपीएम ही मर्यादा आहे, आणि ती मोजतात आयडलवर. तुमचा वक्र ७,००० ला काय करतो, याच्याशी त्या नळीला काही घेणंदेणं नसतं. तिथे कामाला येतो तो कार्ब्युरेटरचा एअर स्क्रू.