आठ मिनिटांचे कांदेपोहे

अमेरिकेत कुत्रा दत्तक घ्यायला माणूस शेल्टरमध्ये जातो तेव्हा जे घडतं, त्याला आपल्याकडे अगदी चपखल शब्द आहे: कांदेपोह्यांचा कार्यक्रम. पिंजऱ्यांच्या रांगेतून फेरी मारायची, एखाद्यापाशी थबकायचं, ‘याला जरा बाहेर काढता का?’ म्हणायचं. मग एखाद्या खोलीत किंवा कुंपण घातलेल्या अंगणात दोघांची भेट. अलेक्झांड्रा प्रोटोपोपोवा आणि क्लाइव्ह वाईन या संशोधकांनी फ्लोरिडात बसून अशा भेटी पाहिल्या, मोजल्या. २०१४ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. भेट सरासरी आठ मिनिटांची निघाली. बहुतेक लोक एकच कुत्रा बाहेर काढून बघतात आणि होकार किंवा नकार देऊन घरी जातात.

त्या आठ मिनिटांतल्या कुत्र्याच्या कितीतरी लकबी त्यांनी टिपल्या होत्या. निर्णयाशी नातं निघालं ते फक्त दोहोंचं. माणसाने खेळायला बोलावलं तर कुत्र्याने तिकडे पाठ फिरवू नये, ही एक. आणि दुसरी म्हणजे माणसाजवळ येऊन निवांत आडवं व्हावं. बस्स. गुणप्रदर्शन नको; शेजारी पडून राहणारा पसंत पडतो.

गंमत अशी की शेल्टरमधल्या कुत्र्याला नेमक्या याच दोन गोष्टी जड जातात. दिवसाचा बहुतेक वेळ सिमेंटच्या खोलीत काढलेलं जनावर अंगणात सोडलं की आधी काय करेल? कोपरे हुंगेल, कुंपणावर पाय वर करेल, धावेल. समोर चेंडू घेऊन उभा असलेला पाहुणा त्याच्या खिजगणतीत नसतो. पाहुणा मनाशी म्हणतो, ‘याला आम्ही काही आवडलो नाही,’ आणि उठतो. कुत्र्याला माणसाचा राग नसतो हो, त्याला फक्त दहा मिनिटं आधी फिरवून आणायला हवं होतं.

शेल्टरमध्ये कुत्र्याचं काय होतं याची मोजमापंही झाली आहेत. टेंपल ग्रँडिन या प्राणिशास्त्रज्ञ बाईंनी सहकाऱ्यांबरोबर २००६ साली एका शेल्टरमधला आवाज मोजला, तर तो वरचेवर १०० डेसिबलच्या वर जात होता. एक भुंकला की रांग भुंकते, आणि कुत्र्याचे कान आपल्यापेक्षा कितीतरी तिखट. अशा जागी काही कुत्रे येरझाऱ्या घालू लागतात, काही भिंतीला अंग घासत राहतात, काही दाराकडे पाठ करून बसतात. अशांचा मुक्काम लांबतो, हेही प्रोटोपोपोवांच्याच दुसऱ्या पाहणीत दिसलं. म्हणजे कोंडलं म्हणून वागणं बिघडतं, आणि बिघडलं म्हणून सुटका लांबते. एएसपीसीए या संस्थेच्या २०१९ च्या अंदाजानुसार अमेरिकेतल्या शेल्टरांत वर्षाला सुमारे ३१ लाख कुत्री येत होती आणि सुमारे ३ लाख ९० हजारांना मारलं जात होतं. तेव्हा लांबलेला मुक्काम ही नुसती गैरसोय नव्हे.

हे चक्र तोडण्यासाठी जे काही केलं जातं त्याला तिकडे ‘एन्रिचमेंट’ म्हणतात. शब्द प्राणिसंग्रहालयांतून आला. मराठीत ‘समृद्धीकरण’ म्हटलं की महामार्ग आठवतो. मला ‘विरंगुळा’ हा शब्द जवळचा वाटतो. आपल्या नगरपालिका ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्रं काढतात, त्यातला. रिकामा वेळ माणसाला खातो तसाच कुत्र्यालाही खातो.

या विरंगुळ्याचं सर्वांत ओळखीचं साधन म्हणजे काँग नावाचं पोकळ रबरी खेळणं. आत पीनट बटर किंवा भिजवलेलं खाणं भरायचं, गोठवायचं आणि कुत्र्यापुढे टाकायचं. दोन मिनिटांत संपणारं जेवण अर्धा तास पुरतं. याची जन्मकथा गॅरेजमधली आहे. डेन्व्हरच्या जो मार्कहॅम यांचा फ्रिट्झ नावाचा जर्मन शेफर्ड दगड चावून दात झिजवत होता. १९७० च्या दशकात एकदा फोक्सवॅगन गाडी दुरुस्त करताना मार्कहॅम यांनी सस्पेन्शनचा एक रबरी तुकडा बाजूला टाकला आणि फ्रिट्झने दगड सोडून तो धरला. आजही त्या खेळण्याचा एकावर एक तीन गोळे ठेवल्यासारखा आकार पाहिला की त्याचं मूळ मोटारीत आहे हे पटतं.

कानांसाठीही प्रयोग झाले. बेलफास्टमध्ये डेबोरा वेल्स यांनी शेल्टरमधल्या ५० कुत्र्यांना आलटून पालटून अभिजात पाश्चात्त्य संगीत, पॉप, हेवी मेटल आणि माणसांचं बोलणं ऐकवलं. अभिजात संगीतावर कुत्री जास्त वेळ विसावली, हेवी मेटलवर जास्त भुंकली. २००२ च्या या निबंधानंतर जगभरच्या शेल्टरांत मोझार्ट वाजू लागला. पुढे स्कॉटलंडमधल्या प्रयोगात लक्षात आलं की तेच ते संगीत लावलं की त्याचा परिणाम दोन-चार दिवसांत ओसरतो. मग रोज प्रकार बदलून पाहिले, तर सॉफ्ट रॉक आणि रेगे बरे ठरले. मोझार्टचाही कंटाळा येऊ शकतो, हे कुत्र्यांनी आपल्यापेक्षा प्रामाणिकपणे सांगितलं.

सगळेच उपाय लागू पडत नाहीत. २०१२ च्या एका अभ्यासात कुत्र्यांना माणसाच्या डोळ्यांत बघायला शिकवलं होतं. कुत्री शिकली, बघूही लागली. दत्तक जाण्याचं प्रमाण मात्र हललं नाही. उलट एक अगदी साधी युक्ती चालली: घंटीचा आवाज करायचा आणि प्रत्येक पिंजऱ्यात खाऊचा तुकडा टाकायचा, कुत्रा भुंकत असो की गप्प असो. गप्प बसण्याबद्दल नेमकं बक्षीस देण्याची पद्धत जितकी परिणामकारक, तितकीच हीही निघाली. हे कोणीही शाळकरी स्वयंसेवक करू शकतो, आणि माणसं कमी असलेल्या शेल्टरात हाच मोठा गुण. भेटीचाही असाच बंदोबस्त झाला. कुत्र्याला कोणतं खेळणं आवडतं हे आधी पाहून ठेवायचं, भेट छोट्या जागेत ठेवायची, खाऊ दाखवून त्याला पाहुण्याच्या पायाशी आडवं करायचं. अशा कुत्र्यांची दत्तक जाण्याची शक्यता सुमारे अडीच पट झाली. साडी नेसवून, पोह्यांची बशी हातात देऊन बाहेर पाठवण्याचाच प्रकार. पण इथे मुलाचं किंवा मुलीचं नाही, जिवाचं ठरत असतं, म्हणून मला तो खटकत नाही.

स्थळाचा बायोडेटा असतो, आणि त्यात ‘जात’ हा रकानाही असतो. लिसा गुंटर आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली दाखवलं की पिंजऱ्यावर ‘पिटबुल’ लिहिलेल्या कुत्र्याला, अगदी तशाच दिसणाऱ्या पण दुसऱ्या जातीची पाटी लागलेल्या कुत्र्यापेक्षा तिपटीहून अधिक वाट पाहावी लागते. आणि पाटी बहुधा नुसत्या नजरेच्या अंदाजाने लावलेली असते. फ्लोरिडातल्या एका शेल्टरने जातीच्या पाट्याच काढून टाकल्या, तशी पिटबुलसारखी दिसणारी कुत्री जास्त संख्येने घरोघर गेली. याला विरंगुळा म्हणता येणार नाही, पण खर्च शून्य.

आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली भटकी कुत्री शेल्टरमध्ये हलवण्याचा आदेश दिला. तो ११ तारखेचा. २२ तारखेला त्यात बदल झाला आणि रेबीजची किंवा आक्रमक कुत्री वगळता बाकीची नसबंदी-लसीकरण करून जागेवर सोडायची ठरली. त्या अकरा दिवसांतला वाद जागा किती लागेल, पैसा किती लागेल याभोवती फिरला. आत गेलेला कुत्रा दिवसभर करणार काय, हा प्रश्न मला फारसा कुठे दिसला नाही. रस्त्यावरच्या गावठी कुत्र्याला तो पडतच नाही. चहाची टपरी, मटणाचं दुकान, शेजारच्या गल्लीतलं वैर, एवढ्यात त्याचा दिवस भरतो.

सर्वांत गुणकारी विरंगुळा शेवटी शेल्टरच्या बाहेरच सापडला. युटा राज्यात कनाबजवळ बेस्ट फ्रेंड्स या संस्थेचं मोठं आश्रयस्थान आहे. तिथे आलेला पाहुणा कुत्र्याला एका रात्रीपुरता आपल्या मुक्कामी नेऊ शकतो. गुंटर, एरिका फ्यूअरबाकर वगैरेंनी असे मुक्काम पाच शेल्टरांत तपासले. निबंध २०१९ चा, कुत्री २०७. लघवीतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, एक-दोन रात्रींच्या मुक्कामात उतरलं. २०२३ च्या त्याहून मोठ्या पाहणीत दोन-तीन तासांच्या फेरफटक्याने दत्तक जाण्याची शक्यता पाच पट, तर घरच्या मुक्कामाने चौदा पट वाढलेली दिसली. आणि ही कुत्री मुळात सोपी नव्हती, बाकीच्यांपेक्षा जास्त दिवस आत अडकलेली होती.

२०१९ च्या निबंधात आणखी एक नोंद आहे. मुक्काम संपवून कुत्री पिंजऱ्यात परतली तेव्हा कॉर्टिसॉल पुन्हा पहिल्या पातळीवर गेलं. पण गळ्यातल्या पट्ट्यावरच्या यंत्राने झोपही मोजली होती. सलग झोप घरच्या मुक्कामात सर्वांत लांब होती, आणि पिंजऱ्यात परतल्यावरही ती आधीपेक्षा थोडी जास्तच भरली.